शेवटचं चांगलं चित्र

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मराठीत. तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, त्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. शिवाय सुरक्षित. बायको, रंजनी, मराठी बोलते पण वाचते तमिळ. मुलगी जननी अकरावीत गेली, तिला 'क' आणि 'फ' यांतला फरक कळत नाही. म्हणजे वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडली तरी घरात कोणाला पत्ता लागणार नाही.

आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांत देवनागरी वाचणारा एकच, मानाजीअण्णा. माझा आत्तेभाऊ, तीन वर्षांनी मोठा. लहानपणी तंजावरला तो हिंदीच्या परीक्षा द्यायचा, त्याच्या पाठीमागे बसून मी अक्षरं शिकलो. त्याचं अक्षर छापल्यासारखं. माझं त्याच्यासारखं कधी झालं नाही, पण मी इंजिनिअर झालो. तो राहतो गुम्मिडिपूंडीला. आम्ही राहतो त्या वेस्ट मांबलमहून दोन तास. वहीला धोका नाही.

संकल्प तीनच. रोज साडेपाचला उठून अयोध्या मंडपापर्यंत चालणे. कॉफीत साखर अर्धा चमचा. ऑफिसात कोणावर न चिडणे.

आज उठायला सहा वाजले. पहिला दिवस धरायचा नसतो.

३ सप्टेंबर, बुधवार

चाललो नाही. पोटरीत गोळा.

ऑफिसात मोठं काम आलं आहे. आमच्या कंपनीचा 'कावल' नावाचा डबा आहे, कारखान्यातल्या प्रेसवर बसवायचा. वर कॅमेरा, पुढे दिवा. प्रेसखाली कामगाराचा हात दिसला की दिवा लाल, प्रेस जागची हलत नाही. हात बाहेर गेला की दिवा हिरवा, प्रेस आपोआप खाली येते. पायाने पेडल मारायची गरज नाही, तेवढंच उत्पादन जास्त. गुम्मिडिपूंडीच्या एका प्रेस शॉपमध्ये सहा डबे बसायचे आहेत. ही ऑर्डर मानाजीअण्णाच्या शब्दावर मिळाली. तो तिथे सुपरवायझर आहे. माझा भाऊ करतो म्हणजे चोखच असणार, असं त्याने मॅनेजरला सांगितलं. बरोबर सांगितलं.

डब्याच्या कर्नलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, कॅमेऱ्याचं चित्र मेमरीत कुठे आहे ते शोधून काढणारा भाग मी लिहिलेला आहे. नऊ वर्षांपूर्वी. नऊ वर्षांत त्याला कोणाला हात लावावा लागला नाही. आता फक्त कर्नल नवीन घ्यायचं, दसऱ्याआधीच्या आयुधपूजेच्या आत.

कृष्णवेणीने आज त्या भागावर review comment टाकली. ही आमच्याकडे दोन वर्षं आहे. तंजावरचीच, पण मी मराठीत बोललो तर तमिळमध्ये उत्तर देते. तिचं म्हणणं, जुनं कर्नल मेमरी नेहमी चार केबीच्या लहान तुकड्यांत द्यायचं, नवीन कधीकधी एकदम दोन एमबीचा मोठा तुकडा देतं. सरांचा कोड सगळे तुकडे लहानच धरून चालतो. मोठा आला तर काय?

उत्तर लिहिलं: असं होत नाही. कमेंट बंद केली. ज्याचा कोड, त्यानेच कमेंट बंद करायची, असा आमच्याकडे नियम आहे. चांगला नियम आहे, नाहीतर काम पुढे सरकणार नाही.

चिडलो नाही. संकल्प तीनपैकी एक पूर्ण.

९ सप्टेंबर, मंगळवार

झालं. टेबलावरचा डबा शनिवार-रविवार चालू ठेवला होता, सोमवारी पाहतो तर कर्नल मरून पडलेलं. मोठा तुकडा आला होता.

कृष्णवेणीने बोर्डवर चित्र काढून समजावलं. मला नाही, नवीन मुलांना. मी मागे उभा होतो. म्हणे, फ्लॅटच्या गेटवर फळा असतो, दुसरा मजला, आत यादी पाहा. पोस्टमन वर जातो, आतली यादी वाचतो, घर सापडतं. आता एका माणसाने अख्खा मजलाच घेतला तर आत यादी नसते, त्याचं घरच असतं. पण पोस्टमनला सवय. तो तसाच आत शिरतो आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यांवरचे आकडे फ्लॅट नंबर समजून वाचत सुटतो. पोरं हसली. पोस्टमन कोण ते तिने सांगितलं नाही.

तिने सात ओळी लिहिल्या आहेत. दारातच पाहायचं, तुकडा मोठा आहे का. असेल तर आत शिरायचं नाही. लॉगमध्ये इशारा लिहायचा आणि 'सापडलं नाही' म्हणून वर कळवायचं. वरचा भाग ते ऐकून दिवा लाल करतो, प्रेस थांबते. कर्नलही जगतं आणि माणूसही.

बऱ्या आहेत ओळी. नवशिक्यांना सुचतं असं कधीकधी. मी एक स्पेस काढून टाकली आणि मंजूर केलं.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९

चाललो! साडेपाचला नाही, सात वाजता, पण चाललो. नवे बूट घातले. दुकानदार म्हणाला होता, या बुटांत माणूस आपोआप चालतो. अयोध्या मंडपापर्यंत अठरा मिनिटं. आत प्रवचन चालू होतं. पाच मिनिटं टेकावं म्हणून बूट बाहेर काढले आणि बसलो. विषय इंद्रियनिग्रह. नंतर पानांवर हरभऱ्याचं सुंडल वाटलं. पहिलं पान प्रसाद म्हणून घेतलं, दुसरं वाढणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून, तिसऱ्याचं कारण आठवत नाही. बाहेर आलो तर बूट गायब. अनवाणी रस्ता तुडवायचा तर काचा असतात, म्हणून ऑटो केली.

रंजनीला सगळं सांगितलं. ती डोशाचं पीठ ढवळत होती. म्हणाली, "असूं द्या. तुम्ही नाहीं तर नाहीं, बूट तरी फिराला गेले."

उद्यापासून चपला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

गुम्मिडिपूंडी. पहिला डबा बसवला. एका शिफ्टमध्ये प्रेस अकरा वेळा थांबली. मोठा तुकडा आला की कृष्णवेणीच्या सात ओळी 'सापडलं नाही' म्हणतात, दिवा लाल, प्रेस बंद. हात नाही, काही नाही, तरी बंद. लॉगमध्ये इशाऱ्यांची रांग.

प्लँटचा मॅनेजर सगळ्यांसमोर अण्णाला बोलला. तुमचा भाऊ म्हणून घेतलं, असं. अण्णाने मला कँटीनमध्ये नेऊन लेमन राइस वाढला आणि म्हणाला, होतं असं, नवीन आहे.

परत येताना कृष्णवेणी म्हणाली की थांबते ते बरोबरच आहे. मेमरी लहान तुकड्यांतच मागायची किंवा मोठ्याला नीट हाताळायला शिकायचं, दोन आठवड्यांचं काम आहे, तोवर थांबू दे. एमडींनी, म्हणजे नारायणस्वामींनी, गाडीतच फोन करून मला विचारलं की दोन आठवडे कोण देतं.

माझ्या मुलासारखा डबा आहे तो. लोकांसमोर अकरा वेळा लाल झाला. मलाच लाज वाटली.

२२ सप्टेंबर, सोमवार

सुचलं. आंघोळीत सुचलं, मोठ्या गोष्टी तिथेच सुचतात.

'सापडलं नाही' आलं की प्रेस थांबवायची कशाला? डब्याने आपल्याजवळचं शेवटचं चांगलं चित्र वापरावं. एका सेकंदाला तीस चित्रं येतात. एखादं हुकलं तर मागचं धरायचं, एका चित्राने कोणाचं काय बिघडतं? माणूससुद्धा डोळ्याची पापणी मिटतो, तेवढ्यात आंधळा होत नाही.

तीन ओळींत बसलं. तिच्या सात, माझ्या तीन. अनुभव म्हणतात तो हा.

कृष्णवेणीने लगेच कमेंट टाकली. मोठा तुकडा एकदा आला की तो एका चित्रापुरता नसतो, मिनिटं मिनिटं तसाच राहतो. तेवढा वेळ डबा जुनंच चित्र पाहत बसेल. त्या चित्रात हात नसेल तर?

उत्तर लिहिलं: मुद्दाम केलेलं आहे. कमेंट बंद.

लॉगमधले इशारेही बंद केले. गिऱ्हाइकाने लॉग उघडला आणि पानभर इशारे दिसले तर उगाच घाबरतो. आता लॉग स्वच्छ आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा

गुम्मिडिपूंडी. सहाही डबे चालू. आठ दिवसांत एकदाही थांबले नाहीत. मॅनेजरने माझा हात हातात घेऊन दाबला. अण्णाच्या चेहऱ्यावर काय समाधान होतं.

सगळ्या प्रेसना झेंडूच्या माळा, केळीचे खांब, लिंबं. अण्णाची बायको, तुळसीवैनी, चंदनाची वाटी घेऊन आली होती. अण्णाने आधी प्रेसला चंदन-कुंकू लावलं, मग माझ्या डब्याला. कॅमेऱ्यालाही एक टिळा लावला, काचेच्या अगदी कडेला. माझा लॅपटॉप पुढे केला, त्यालाही लावला. मग मला. पोंगल, सुंडल, बत्तासे.

अभिमानाचा दिवस. मधुमेहाचा विचार केला नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी अण्णाचा फोन. चार नंबरचा डबा मधेच गप्प होतो म्हणे. त्याने पेपरची गुंडाळी करून प्रेसखाली धरली. आधी दहा वेळा दिवा लाल झाला. अकराव्या वेळी हिरवाच राहिला आणि प्रेस खाली आली. पेपर चपटा झाला. मग परत ठीक.

"विजू, थोडं येऊन पाहून जा," म्हणाला.

जायचं ठरवलंच होतं. पण पाऊस, शिवाय चपलेने अंगठ्याला फोड आला आहे. आणि गरज काय, कारण फोनवरच उलगडलं. कुंकू! काचेच्या कडेचा टिळा. दमट हवेत ओघळून काचेवर आला असणार. मी अण्णाला ओल्या फडक्याने पुसायला लावलं. पुसल्यावर दिवसभर काही झालं नाही. पाहा.

रिपोर्ट लिहून टाकला. कारण: पूजेच्या वेळी कॅमेऱ्याला लावलेलं कुंकू. उपाय: प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझरने काच पुसावी. नारायणस्वामी म्हणाले, रिपोर्ट असावा तर असा.

कृष्णवेणी म्हणाली, कुंकू पुसल्याने नाही, पुसताना डबा बंद करून चालू केला म्हणून ठीक झालं. नाचता येईना अंगण वाकडं. हिला प्रत्येक गोष्टीत मोठा तुकडाच दिसतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कृष्णवेणीने मला न विचारता ऑफिसातल्या डब्यात एक मोजणी बसवली. जुनं चित्र किती वेळा वापरलं गेलं, ते मोजायला. एका दिवसात तीन हजार दोनशे. आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला तीस चित्रं धरली तर दोन मिनिटांच्या आतच. चोवीस तासांत दोन मिनिटं. मी स्वतः त्याहून जास्त वेळ डुलक्या घेतो.

ती म्हणाली, सर, ती दोन मिनिटं सलग आहेत.

पुढच्या तिमाहीच्या यादीत टाकलं.

साखर अर्धा चमचा जमत नाही, एक केली. चालणं पावसाळा संपल्यावर.

२० ऑक्टोबर, सोमवार. दीपावळी

अण्णा आणि वैनी आले होते. वैनीने अदिरसम, म्हणजे अनारशासारखं गोड, आणलं. जननीने अण्णाकडून स्वतःचं नाव मराठीत लिहून घेतलं आणि फोनच्या मागे लावलं. काय अक्षर आहे, अजून तसंच.

मी रोजनिशी लिहितो हे बोलण्याच्या भरात सांगून बसलो. अण्णा खूश. तंजावर सोडल्यापासून मराठीत लिहिलेलं काही हातात आलं नाही म्हणाला, एकदा वाचायला दे. देईन म्हटलं. बघू.

जेवण झाल्यावर गॅलरीत त्याने डब्याचा विषय काढला. प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला तर तो काढताना वरून प्रेस येऊ नये म्हणून हे लोक खाली लाकडी ठोकळा ठेवतात. डबा आला तरी अण्णाने ठोकळा सोडलेला नाही. पेपर चपटा झाल्यापासून तर मुळीच नाही. आता मॅनेजर ओरडतो, ठोकळ्यात वेळ जातो, मग डबा घेतला कशाला.

अण्णाने सरळ विचारलं, "विजू, तूं सांग. हात आंत गेला तर डब्ब्यास दिसंल नव्हे?"

मी म्हणालो, "अण्णा, डोळे मिटून घाल."

सरी, म्हणजे बरं, म्हणाला. मग अदिरसम खाल्लं.

ठोकळा म्हणजे डब्याचा अपमानच होता, खरं सांगायचं तर.

२९ ऑक्टोबर, बुधवार

१२.४०ला वैनीचा फोन. चार नंबर. उजवा हात.

३० ऑक्टोबर, गुरुवार

हॉस्पिटल. चार बोटं गेली. अंगठा राहिला आहे, त्याचंही उद्या कळेल.

पत्र्याचा तुकडा अडकला होता. अण्णाने स्वतः हात घातला, पोरांना घालू दिला नाही. ठोकळा ठेवला नव्हता. गेल्या आठवड्यापासून त्याने ठोकळे कपाटात टाकले होते. हे मला वैनीने सांगितलं. तिला काय माहीत मी गॅलरीत काय बोललो ते.

अण्णा शुद्धीत होता. औषधामुळे जड बोलत होता. म्हणाला, "हिरवंच राहिलं, विजू."

मी पाणी दिलं.

डबा बंद पडला नाही. बावीस दिवस अखंड चालू, त्या क्षणीसुद्धा चालू होता. मी लॉग आणवून पाहिला. एक ओळ नाही. पूर्ण स्वच्छ.

३ नोव्हेंबर, सोमवार

प्लँटची चौकशी. त्यांच्याकडे माझा ७ तारखेचा रिपोर्ट आहे, वरच्या बाजूला पिवळ्या पेनने खूण केलेली. सुपरवायझरने काच पुसावी. त्या दिवशी पुसली होती का, हे त्यांनी हॉस्पिटलमध्ये जाऊन अण्णाला विचारलं.

नाही पुसली, असं अण्णाने सांगितलं. सकाळी घाई होती, आपलीच चूक. भावाने लिहून दिलं होतं, आपण विसरलो.

मी तिथेच होतो, पलंगाच्या पायथ्याशी. त्या लोकांनी लिहून घेतलं. अण्णाला अंगठ्याचा ठसा मागितला. डाव्या.

कारण समोर आहे तसं. पण कुंकूही थोडं असू शकतं. पूर्ण नाकारता येत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कृष्णवेणीने चार नंबरचा डबा मागवून टेबलावर ठेवला. मोठा तुकडा मुद्दाम आणला. आम्ही दोघं पाहत बसलो. तिने कॅमेऱ्यासमोर हात धरला. दिवा हिरवा. तिने हात तसाच धरून ठेवला. मी घड्याळ लावलं. आठ मिनिटं दहा सेकंद.

तेवढा वेळ डब्याच्या पडद्यावर रिकामं टेबल दिसत होतं. शेवटचं चांगलं चित्र.

हात खाली घेऊन तिने दंड चोळला आणि मला सांगितलं, मराठीत, पहिल्यांदाच, "सर, ते तुमचे अण्णा अहांत. तुम्हीच लिहा."

लिहिणार. ठरलं. उद्या सकाळी दहाला मीटिंग आहे, त्याच्या आत नवीन रिपोर्ट. मोठा तुकडा, तीन ओळी, माझं नाव. कुंकू खोडायचं. मन हलकं झालं आहे. आज कॉफीत साखर घातली नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नऊ वाजता लिहायला बसलो. इंग्रजीत लिहायचं की तमिळमध्ये, यात अर्धा तास गेला. मग नारायणस्वामींनी आत बोलावलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी बोललो असतो. त्यांनी सांगितलं की बाकीच्या पाच डब्यांचं आणि श्रीपेरुंबुदूरच्या नवीन ऑर्डरचं काय होईल ते पाहा, ऑफिसात चाळीस माणसं आहेत. आणि अण्णांनी स्वतः कबूल केलंच आहे, त्यांना खोटं पाडून तुम्हाला काय मिळणार? हा मुद्दा विचार करण्यासारखा होता. अण्णाला खोटं पाडणं मला कधीच जमलेलं नाही.

त्यांनी पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं, सॉफ्टवेअर ठरवल्याप्रमाणे चालत होतं. शब्दशः खोटं नाही. ठरवलं होतंच तसं.

सही केली.

कृष्णवेणी दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन तिच्या टेबलावरचा गणपती पिशवीत ठेवला. संध्याकाळी राजीनाम्याचा मेल आला. दोन ओळी. मी तीनदा वाचला, चुका शोधायला. नव्हत्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

माझ्या तीन ओळी काढल्या. आता फक्त तिच्या सात. मोठा तुकडा आला की इशारा, दिवा लाल, प्रेस बंद. सगळ्या डब्यांत नवीन सॉफ्टवेअर घातलं. सोबतच्या पत्रात 'चित्राच्या दर्जात सुधारणा' असं लिहिलं.

प्रेस एका शिफ्टमध्ये अकरा-बारा वेळा थांबते. मॅनेजर आता काही बोलत नाही.

अण्णाला प्रेस शॉपमधून काढून गेटवर घेणार आहेत. निष्काळजीपणा सिद्ध झाला, तरी माणुसकी म्हणून ठेवतो, असं पत्रात आहे. अण्णाने ते पत्र वैनीला मला फोनवर वाचून दाखवायला लावलं आणि मॅनेजर मनाने चांगला आहे म्हणाला. मी हो म्हणालो.

रंजनीने विचारलं, रोज काय लिहिता एवढं. चालण्याचं, म्हटलं.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ५

गुम्मिडिपूंडीला जाऊन आलो. वही घेऊन.

ठरवून गेलो होतो. तोंडाने जमत नाही तर वही त्याच्या हातात द्यायची. त्याला वाचता येतं, म्हणून तर त्याच्यापासून लपवायची होती. २२ सप्टेंबर, ७ ऑक्टोबर, २० ऑक्टोबर, ७ नोव्हेंबर, चार पानांचे कोपरे दुमडले. गाडीत सगळा वेळ बॅग मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

अण्णा दारातल्या कट्ट्यावर बसून डाव्या हाताने अक्षरं गिरवत होता. उद्यापासून गेटवर रजिस्टर लिहायचं आहे. वहीत पानभर तमिळ, मोठी मोठी, वाकडी अक्षरं. खाली एक ओळ अ आ इ ई. ती कशाला, विचारलं, तर हसला. असूं दे म्हणाला.

मी वही दिली. दीपावळीला मागितली होतीस ना, म्हटलं.

त्याला इतका आनंद झाला. डाव्या हाताने उघडली, लांब धरली, जवळ धरली, परत लांब. चष्मा त्या दिवशी प्रेसमध्येच गेला होता, नवीन अजून व्हायचा आहे. वही त्याने माझ्याकडे परत केली.

"तूंच वाच. कान बरे अहांत."

वैनी कॉफी ठेवून उंबऱ्यावर बसली. मी दुमडलेला पहिला कोपरा उघडला. २२ सप्टेंबर. 'सुचलं. आंघोळीत सुचलं.' हे डोळ्यांसमोर होतं. दोघं माझ्या तोंडाकडे पाहत होते. वाचायचं होतं, फक्त वाचायचं, माझंच अक्षर.

मी दोन पानं मागे उलटली आणि १५ सप्टेंबर वाचलं. बुटांचं.

अण्णा हसायला लागला. सुंडलच्या तिसऱ्या पानाला त्याने पट्टी बांधलेला हात पोटाशी धरला. रंजनीचं वाक्य आलं तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वैनीही हसली. एवढे हसले नव्हते हे त्या दिवसापासून, असं तिने मला सांगितलं आणि पदराने आधी त्याचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

अजून वाच म्हणाला. पुढे सगळं ऑफिसचं आहे, मी म्हणालो.

"ऑफिसचं नक्को. त्यांत आम्हांस काय कळतं," अण्णा म्हणाला. "बुटांचं परतून वाच."

परतून वाचलं.